नाकतोडे पाखडलेली सुपली

मित्रांनो, पोशीरहून डोंगराच्या दिशेने बांधाबांधाने चालत निघालात, की एक ओढा आडवा येतो. त्या ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, करवंदीच्या जाळीला टेकून मी पडले आहे. मी सुपली. माझी कड उसवली आहे, अंगावरचे सारवण उन्हाने पापुद्र्यांसारखे सुटले आहे आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून घर केले आहे. येत्या पावसाळ्यानंतर मी उरेन असे मला वाटत नाही. मला कोणी टाकून दिले असे मात्र समजू नका. मला वाजतगाजत येथे आणले, माझ्यावर फुले वाहिली, आणि मग गाव माझ्याकडे पाठ करून परत फिरले. असा मान फार थोड्या सुपल्यांच्या वाट्याला येतो. त्या मानाची ही हकिगत आहे.

माझा जन्म नेरळच्या बाजारामागे एका बुरुडाच्या ओसरीवर झाला. डोंगरातला कळक चिरून त्याने त्याच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि त्याच्या बायकोने त्या विणल्या. बाजाराच्या दिवशी अंबाबाई नावाची एक शेतकरीण आली. तिने मला उचलून उन्हासमोर धरले. विणीतून उजेड कोठे दिसतो का, हे तिने एक डोळा मिटून पाहिले आणि मगच मला काखेत मारले. घरी आल्यावर तिने भिजवलेल्या मेथीत शेण कालवून मला आतून बाहेरून सारवले. त्या वासाची आठवण मला अजून येते. नवऱ्या मुलीला हळद लावावी, तसे ते होते.

आमचे घर भाताचे. सूप आणि सुपली यांच्यातला फरक तुम्हांला ठाऊक नसेल. सूप मोठे असते, ते खळ्यावर मिरवते. सुपली लहान असते आणि घरातल्या उखळाशी बसते. उखळात भात कांडून झाले की ते माझ्यात येई. अंबाबाईची सून सुंदरा मला दोन्ही हातांनी धरून असा झोका देई, की कोंडा पुढे उडून जाई, कणी एका अंगाला जमे आणि तांदूळ माझ्या पोटाशी राही. 'जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात' अशी म्हण आहे. माझ्यातले दाणे कधी हसल्याचे मला आठवत नाही. पण त्यांची पारख मला चांगली होती. भाताच्या काही दाण्यांत तांदूळ भरलेलाच नसतो. त्याला आमच्याकडे पळिंज म्हणतात. ते दिसायला इतर दाण्यांसारखेच टपोरे असते, कधी कधी जास्तच. नजर फसते. वारा लागला, की ते उडते आणि मग कळते की आत काही नव्हते.

अंबाबाई मला नावाजत असे. "सुंदरे, ही सुपली जपून वापर गं. हिचा हात तुझ्यापेक्षा हलका हाय. ही दाणं सांडत नाय."

"हिला चूल नाय नि शेत नाय, आत्याबाय," सुंदरा म्हणे. "हिला काय जातंय न सांडायला!"

अशा बोलण्यात दिवस चांगले गेले. सुंदराला मुलगी झाली, तिचे नाव जना. नवरा धाकलू खोपोलीला कारखान्यात कामाला लागला आणि सणावाराला घरी येऊ लागला. सासरा भिवाजी शेत पाही. गावकीत त्याच्या शब्दाला वजन होते, कारण तो दिलेला शब्द मोडत नसे.

मग ते वर्ष आले. दूर कोठेतरी मोठे युद्ध चालू होते. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. खळ्यावरून सरकारने भात नेले, आणि पावसाळ्याच्या मध्यावर घरातली कणगी खडखडीत झाली. माझ्यात आता तांदूळ येत नसे, कणी येई. ती शिजवून तिची पेज होई आणि पेजेत पाण्याचा वाटा रोज वाढे. वाल संपले होते. गाय आटली होती. श्रावण असल्यामुळे घरात मासळी वर्ज्य होती. अंबाबाईने श्रावण कधी मोडला नव्हता. शिवाय पावसाने ताण दिला होता. खाचरांतले पाणी आटून चिखलाला भेगा पडल्या होत्या.

त्याच सुमारास सुंदराला दुसरे मूल झाले आणि जनाचे अंगावरचे दूध तुटले. ती तेव्हा जेमतेम घरभर धावायला शिकली होती. ते धावणे हळूहळू थांबले. ती उंबऱ्याशी बसून राहू लागली. कोणी उचलले तर किरकिरे, खाली ठेवले तर गप्प होई. तिच्या काळ्याभोर केसांवर तांबूस झाक आली. आणि मित्रांनो, तिचे गाल फुगले. पाय भरल्यासारखे दिसू लागले. त्यांवरची कातडी तकतकीत झाली.

अंबाबाईला आनंद झाला. "पेज मानवली गं पोरीला," ती शेजारणींना सांगे. "बाळसं धरलंन बघा."

सुंदराने जनाच्या पायावर बोट दाबले. बोट काढल्यावर तेथे खळगा राहिला. तो कितीतरी वेळ भरला नाही. हे काय आहे, ते तिला कळत नव्हते. मी भिंतीला टांगलेली होते. मला कळत होते. फुगलेला दाणा मी जन्मभर पाहिला होता. पण सुपलीला तोंड नसते, आणि वारा घालून पाहावे असे ते धान्य नव्हते.

पाऊस थांबल्यावर शिवारात नाकतोडे आले. पहिल्यांदा बांधावरच्या गवतात दिसले, मग खाचरांत शिरले. दुपारी शेताच्या कडेला उभे राहिले, तर पाने कुरतडल्याचा बारीक आवाज ऐकू येई. भिवाजी बांधावर बसून तो ऐकत राही.

बेणणीच्या, म्हणजे खाचरांतले तण काढण्याच्या, कामाला डोंगरावरच्या ठाकरवाडीतून बायका येत. त्यांतली हिरू ही सुंदराच्याच वयाची होती. सुंदरा शेतावर जाताना मला बरोबर नेई, टाकळ्याची भाजी खुडून ठेवण्यासाठी. आणि जनाला बांधावर पानांच्या इरल्याच्या सावलीत बसवी. एके सकाळी हिरूने दवाने जड झालेले नाकतोडे गवतावरून पटापट वेचून ओच्यात भरले. विश्रांतीच्या वेळी काटक्यांचा जाळ करून तिने ते निखाऱ्यावर भाजले, पंख आणि तंगड्या मोडून टाकल्या, मिठाचा खडा चुरून लावला आणि ती खाऊ लागली. खमंग वास सुटला. कोळंबी भाजल्यासारखा.

जना कित्येक दिवस अन्नाकडे तोंड करत नव्हती. तिने हात पुढे केला.

"नको गं, जने!" सुंदराने तिचा हात मागे ओढला. "आमच्यात नाय खात, हिरू."

"मंग तुमच्यात काय खातात? पेजेचं पानी?" हिरू हसली. "तुमचं भात त्यांनी खाल्लं. त्यांना आमी खातो. म्हंजे आमी तुमचं भातच खातो का नाय?"

"चेष्टा नको करू. श्रावण हाय आमचा. ही मच्छीच झाली की."

"काटा हाय का तिला? खवलं हायेत का? मंग मच्छी कशी?" हिरूने एक भाजलेला नाकतोडा जनाच्या हातावर ठेवला. "आमची पोरं खातात, मरत नाय. त्याच्यापुढलं मला म्हाईत नाय, बाय."

सुंदराने इकडे तिकडे पाहिले. बांधावर दुसरे कोणी नव्हते. जनाने तो कुरकुर चावला आणि गिळला, आणि पुन्हा हात पुढे केला. मुलगी खाते आहे, एवढेच सुंदरा पाहत राहिली.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी भाजीच्या निमित्ताने लवकर निघे. टाकळ्याच्या पानांखाली नाकतोडे झाकून आणी. अंबाबाई नदीवर गेली, की ती ते खापरीवर भाजी, हाताने चोळी आणि माझ्यात घेऊन पाखडी. पंख उडत. अभ्रकाच्या कपच्यांसारखे ते पुढच्या दाराशी जाऊन पडत. तंगड्या एका अंगाला जमत. जे जड होते, भरलेले होते, ते माझ्या पोटाशी राही. मी भात पाखडणारी सुपली. हे काम मला शिकवावे लागले नाही. सुंदरा ते भरड कुटून पेजेत कालवी आणि जना वाडगे चाटून पुसून रिकामे करी.

थोड्याच दिवसांत जना बोलू लागली. "आयं, दे ना," असे म्हणून ती माझ्याकडे बोट दाखवी. ती उंबरा ओलांडून अंगणात गेली. एकदा कोंबडीच्या मागे धावली आणि पडली आणि चक्क हसली. तिच्या पायांची सूज उतरत होती. गालांचा फुगवटाही गेला. पण मित्रांनो, सूज गेली तेव्हा तिच्याखाली दडलेले खरे शरीर दिसू लागले, आणि ते फार लहान होते. मनगटे काडीसारखी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. खरे अंग भरायला अजून अवधी हवा होता.

अंबाबाईने तिला न्हाऊ घालताना ते पाहिले. "काय गं झालं हिला? कशी होती गुबगुबीत! कोनाची नजर लागली?" तिने मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

तिकडे शिवाराची दशा वाईट होत होती. पाऊस नव्हता आणि नाकतोडे वाढत होते. गावकी जमली. आमच्या गावाची एक जुनी रीत आहे. पिकावर कीड पडली, की तिला मारत सुटायचे नाही. तिला पाहुणी मानायचे. घरोघरचा एकेक नाकतोडा सुपलीत गोळा करायचा, त्यांना हळदकुंकू वाहायचे, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे आणि सुपली तेथेच ठेवून मागे न पाहता परतायचे. याला 'वाट लावणे' म्हणतात. वाट लावताना गावाने शब्द द्यायचा असतो, की पीक घरात येईपर्यंत शिवेच्या आत गावातल्या कोणाच्याही हातून त्या किडीचा जीव जाणार नाही आणि मेलेली कीडही आत आणली जाणार नाही. शब्द मोडला तर कीड दुपटीने परत येते, असे सारे मानत. शब्द द्यायचा मान भिवाजीचा होता. सुपली त्याच्याच घरची ठरली.

वाट लावण्याच्या सकाळी अंबाबाईने मला सारवण्यासाठी खाली काढले. माझ्या विणीत तिला एक तंगडी अडकलेली दिसली. मग एक पंख. तिने मला नाकाशी नेले.

"सुंदरे, हितं ये. ह्यात काय पाखडलंस तू?"

सुंदरा दारात उभी राहिली. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते, आणि ती लपवून थकलीही होती. "नाकतोडं," ती म्हणाली. "जनीला घालते. बेणणी चालू झाली तेव्हापासून."

अंबाबाईच्या हातातून मी खाली पडले. "डोंगरच्या बाया खातात ते? माझ्या नातीला? आनि ते बी श्रावनात?"

"काय पन खात नव्हती ती, आत्याबाय. तुमी बघत होता. आता मागून खाते. काल अंगनात धावली."

"धावली! हाडं बघ तिची. पेजेवर होती तवा कशी भरलेली होती. हे किडं खाऊ घातलेस म्हनून पोर वाळली माझी!"

"ती भरलेली नव्हती. सूज होती ती. बोट दाबलं तर खड्डा पडत व्हता."

"मी धा बाळंतपनं काढली गं गावातली. मला शिकवतेस सूज काय नि बाळसं काय?"

सुंदरा खाली बसली आणि तिने सासूचे पाय धरले. "मला नाय कळत काय ते. पन हसते हो ती. पयली हसत नव्हती. मामंजींना सांगा, आज शब्द देऊ नका. नायतर माझ्यापुरतं मोकळं ठेवा."

अंबाबाई निर्दय नव्हती. जना तिच्याच कुशीत झोपत असे. मित्रांनो, मी तिचा चेहरा खालून पाहत होते. त्यावर राग कमी आणि भीती जास्त होती. "सगळ्या गावाचं भात हाय पोरी," ती म्हणाली. "आपल्या एकीसाठी शब्द खोटा झाला आनि उद्या शिवार गेलं, तर कोनाकोनाची पोरं उपाशी मरतील? आनि कोनाला तोंड दाखवील तुजा सासरा?" तिने मला उचलले, विणीतली तंगडी नखाने काढली आणि मला सारवायला घेतले. या वेळी सारवण सारखे बसले नाही.

दुपारी मला अंगणात मांडले. घराघरांतून माणसे एकेक नाकतोडा पानात गुंडाळून घेऊन आली. ज्यांच्या भाऊबंदांना सुंदराने इतके दिवस भाजून माझ्यात पाखडले होते, ते आता हळदीने पिवळे होऊन माझ्यात जिवंत चालत होते. ढोल वाजू लागला. भिवाजीने मला डोक्यावर घेतले. ओढ्यात तेव्हा घोट्याएवढेही पाणी नव्हते. तो ओलांडून पलीकडच्या काठावर त्याने मला खाली ठेवले आणि हात जोडले.

"पावन्यांनो, आलात, पोटभर खाल्लंत. आता तुमी तुमच्या वाटेनं जावा. भात घरात येईतो आमच्या हातून तुमचा जीव जानार नाय. ह्यो गावाचा शब्द."

सारे परतले. मागे पाहायचे नसते. सुंदराने मात्र पाहिले.

ओढा हीच गावाची शीव. मी शिवेबाहेर होते, आणि दोन-तीन दिवसांनी सुंदरालाही ते सुचले. तान्ह्याला पाठीशी बांधून आणि जनाला कडेवर घेऊन ती ओढा ओलांडून आली. हिरू वाडीवरून खाली उतरली होती. गावाने ठाकरवाडीला बजावले होते, की शिवेच्या आत नाकतोडा मारला तर कामाला बोलावणार नाही; म्हणून तीही गावाच्या बाजूला काही करत नसे. पण या काठावरचे गवत कोणाच्या शब्दात नव्हते.

"हितं चालंल ना गं?" सुंदराने विचारले.

"मला काय इचारतेस? शबूद तुमचा," हिरू म्हणाली. मग जनाकडे पाहून तिने सूर बदलला. "बस. मी भाजते. तू फकस्त पाखड."

सुंदराने मला उचलले. वाट लावलेल्या सुपलीला हात लावू नये, हे तिला ठाऊक होते. तिने एकदा माझ्यापुढे डोके टेकले आणि पाखडायला सुरुवात केली. जनाने तेथेच, करवंदीच्या सावलीत बसून खाल्ले. काही दिवस असे चालले. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते, असे मी म्हणेन. मला मान मिळाला होता, पण तो मला येथे ठेवले त्या दिवशीच संपला होता. काम मात्र मिळाले होते.

मग डोंगरावर ढग उतरले आणि पाऊस परत आला. तो रात्रंदिवस पडत राहिला. खाचरे भरली. भाताने मान वर काढली. थंड पाण्याने नाकतोड्यांची पिले वाहून गेली. गावात लोक म्हणत असतील, की भिवाजीचा शब्द फळाला आला. आणि ओढा दोन्ही काठ धरून लाल पाण्याने वाहू लागला.

सुंदरा आली, पण ती त्या काठावर होती. जनाला तिने इरल्याखाली धरले होते. या काठावर हिरू उभी होती. मध्ये पाणी होते. दोघी ओरडून बोलत, आणि पाण्याच्या आवाजात निम्मे शब्द बुडत.

"खाते का गं?"

"नाय! पेज बी नको म्हनते!"

दिवसामागून दिवस तसेच गेले. एका सकाळी अंबाबाई सुनेच्या मागोमाग काठावर आली. तिने जनाला आपल्याकडे घेतले आणि तिचा गाल कुरवाळला. "बघ, सुंदरे. किडं सुटलं आनि पोर परत भरली," ती म्हणाली. तिचा आवाज समाधानाने ओला झाला होता. जनाचे पाय इरल्याबाहेर लोंबत होते. ते मला येथूनही दिसले. ते पुन्हा तकतकीत झाले होते. पळिंज ओळखण्यासाठी मला घडवले होते, मित्रांनो. आणि मी ओढ्यापलीकडे पावसात भिजत पडले होते.

सुंदरा या काठाकडे पाहून नुसती म्हणाली, "हिरू, फेक."

हिरूने भाजलेले नाकतोडे सागाच्या पानात बांधून वेलीने आवळले होते. पहिली पुडी तिने फेकली ती पाण्यात पडली आणि गरगरत वाहून गेली. दुसरी त्या काठाला जाऊन पडली. सुंदराने धावत जाऊन ती उचलली, आणि वळली तर मागे भिवाजी उभा होता. बांध पाहायला तो आला होता.

पुडी शिवेच्या आत आली होती. भिवाजीने पुडीकडे पाहिले. मग अंबाबाईच्या खांद्यावर मान टाकलेल्या जनाकडे पाहिले. त्या म्हाताऱ्याने जन्मात शब्द मोडला नव्हता. तो हळूच वळला, सगळ्यांकडे पाठ करून बांधावर बसला आणि शेताकडे पाहत राहिला.

"आवो, काय करता?" अंबाबाई म्हणाली.

"पानी बघतो," तो म्हणाला. "मला हितनं काय दिसत नाय. घाल तिला."

सुंदराने पुडी सोडली. एक नाकतोडा चुरून तिने जनाच्या ओठांना लावला. "खा गं माझी बाय. हिरूमावशीनं दिलंय." जनाने डोळे उघडले. तिने तोंड उघडले नाही. सुंदराने बोटाने तिचे ओठ विलग केले, चुरा जिभेवर ठेवला आणि वाट पाहिली. तो चुरा तसाच ओठांच्या कडेने बाहेर आला आणि पावसाच्या पाण्याबरोबर हनुवटीवरून ओघळला. हिरू या काठावरून ओरडत होती, "गिळली का? गिळली का गं?"

त्यानंतर ती मंडळी एकदाच त्या काठावर आली. तेव्हा पाऊस उघडला होता. भिवाजीच्या हातात फडक्यात गुंडाळलेले एक गाठोडे होते. लहान मुलांना आमच्याकडे अग्नी देत नाहीत. काठावरच्या उंबराखाली त्यांनी माती उकरली आणि पुन्हा लोटली. सुंदरा उभी होती. तान्हे रडत होते, म्हणून ती त्याला थोपटत होती. धाकलू खोपोलीहून पोचला, तोवर वर दगडही रचून झाले होते.

भात चांगले आले. त्या वर्षी आसपासच्या गावांपेक्षा आमच्या गावाचे भात चांगले आले. वाट लावण्याच्या रीतीवरचा गावाचा विश्वास दुणावला आणि भिवाजीला लोक अधिकच मानू लागले. तो मात्र कोणी तसे म्हटले, की उठून जाई, असे हिरूने वाडीतल्या बायकांना सांगताना मी ऐकले. यात मी काय म्हणू? पावसाने भात वाचवले, असे मला वाटते. पण मी सुपली आहे. पाऊस का परत आला, हे मला माहीत नाही.

भात घरात आले, त्यानंतरच्या एका दुपारी अंबाबाई एकटी ओढ्याच्या त्या काठावर आली. ओढा आता दगडादगडांतून झिरपत होता. तिने नव्या तांदळाचा मूठभर भात पानावर आणला होता. उंबराखालच्या दगडांवर तिने तो ठेवला आणि पदराने तोंड पुसत ती बाजूला बसली. गवत सुकले होते. त्यातून एक नाकतोडा उडाला आणि नेमका त्या भातावर येऊन बसला.

अंबाबाईने सवयीने हात मागे घेतला. मग तिला काहीतरी आठवले असावे. तिने हळूच ओंजळ पुढे नेली आणि त्याला पकडले. तो तिच्या मुठीत धडपडत होता. तिने ती मूठ दगडांजवळ नेली.

"आता चालतंय गं, जने," ती म्हणाली. "भात घरात आलं. नेम सुटला. आता खा."

ती बराच वेळ तशीच बसली होती. ऊन कलले, तेव्हा तिने मूठ उघडली. नाकतोडा उडाला नाही. तिने त्याला बोटाने उचलून गवतावर ठेवले आणि ती घरी गेली.

मित्रांनो, माझी वीण आता फार दिवस टिकणार नाही, म्हणून एक विनंती करून ठेवते. मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या सुपल्या नेरळच्या बाजारात हव्या तितक्या मिळतात. पण तुमच्या घरात, शेजारी, वाडीत, एखादे मूल उंबऱ्याशी गप्प बसून असेल आणि त्याचे गाल गुबगुबीत दिसत असतील, तर पुढे जाऊ नका. थांबा. त्याच्या पायावर बोट दाबून पाहा. आणि ते कशासाठी हात पुढे करते आहे ते पाहा. मग ते आपल्यात खात असोत वा नसोत, त्याचा हात मागे ओढू नका.